बातमीचा मालक कोण? : आकाशवाणी नागपूरची पंचाहत्तर वर्षे

१६ जुलै १९४८ रोजी आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले. २०२३ मध्ये त्याने पंचाहत्तरी गाठली. वणीच्या स्मरणिकेत नागपूरच्या केंद्राचा इतिहास कशाला, असे कुणी विचारील. एकेकाळी अख्खा जिल्हाच वणीच्या नावाने ओळखला जाई. १९०५ मध्ये तो यवतमाळ जिल्हा झाला आणि वणी टोकावरचे तालुक्याचे गाव होऊन राहिली. नागपूरचे वर्तमानपत्र एसटीने येऊन हातात पडेस्तोवर बातमी शिळी झालेली असे. ५८५ किलोहर्ट्झवरचा नागपूरचा आवाज मात्र त्याच क्षणी पोचे. पाऊस कुठवर आला, कापसाचा भाव काय फुटला, निवडणुकीत कोण पडले, हे दोन-तीन पिढ्यांनी आधी रेडिओवर ऐकले. चहाटपरीवरचा वाद 'रेडिओने सांगितले' या दोन शब्दांत मिटत असे.

एवढा विश्वास ज्या संस्थेने कमावला, तिचा इतिहास लिहिताना उद्घाटने, ट्रान्समीटर आणि गाजलेले कार्यक्रम यांची यादी देऊन भागणार नाही. ती यादी इतरांनी केली आहे, पुढेही करतील. या लेखात एकच धागा धरला आहे : या संस्थेच्या बातमीवर हात कुणाचा होता?

सरकारी पाया

भारतातले रेडिओ प्रसारण सरकारने सुरू केले नाही. १९२३ मध्ये मुंबईच्या हौशी रेडिओ क्लबने प्रयोग केले. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने मुंबईत केंद्र उघडले. ही कंपनी खासगी होती. तीन वर्षांत तिचे दिवाळे निघाले आणि एप्रिल १९३० मध्ये सरकारने प्रसारण आपल्याकडे घेतले. ८ जून १९३६ पासून त्याला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. याला आधार होता १८८५ च्या तार कायद्याचा. तारा आणि पुढे बिनतारी संदेश ही सरकारची मक्तेदारी, असे तो कायदा सांगत होता. तारेसाठी केलेल्या कायद्याने आवाजही सरकारजमा झाला.

वर्तमानपत्राचे तसे नव्हते. त्याला सरकारने छळले, पण ते सरकारचे नव्हते. 'केसरी'तल्या लेखांसाठी टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, तरी ते लेख आधी छापले गेले होते आणि लोकांनी वाचले होते. यवतमाळला १९१८ मध्ये 'लोकमत' निघाले, त्याचे नाव टिळकांनी सुचवलेले. वर्तमानपत्राला लिहिल्यावर शिक्षा होई. रेडिओवर बोलण्याआधीच परवानगी लागे. पुढचा सारा इतिहास या एका फरकातून निघाला आहे.

चिमूर, भन्साळी आणि वणीचे बापूजी

परकीय सत्ता बातमी कशी दाबते, हे आपल्या भागाने १९४२ मध्ये फार जवळून पाहिले. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, वरोऱ्यापलीकडच्या चिमूरला उठाव झाला. मग लष्कर आणि पोलिस आले. गावातल्या स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी बाहेर येऊ लागल्या. त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमाचे प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी दिल्लीला गेले आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील एका सदस्याच्या बंगल्यावर त्यांनी उपोषण आरंभले. ते सदस्य म्हणजे माधव श्रीहरी अणे. २९ ऑगस्ट १८८० रोजी वणीत जन्मलेले, टिळकांचे अनुयायी, १९३० मध्ये पुसदच्या जंगल सत्याग्रहात तुरुंगात गेलेले लोकनायक बापूजी. त्या काळी परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे होते.

भन्साळींना पोलिसांनी सेवाग्रामला परत आणून सोडले. त्यांनी उपोषण सोडले नाही. सरकारने या उपोषणाची बातमी छापायलाच बंदी घातली. माणूस अन्नावाचून झिजत होता आणि वर्तमानपत्राला ते सांगायची मुभा नव्हती. संपादकांच्या अखिल भारतीय परिषदेने हाक दिली आणि ६ जानेवारी १९४३ रोजी देशातल्या अनेक पत्रांनी अंकच काढला नाही. १२ जानेवारीला तडजोड झाली, बंदी उठली आणि ६३ दिवसांचे उपोषण सुटले. त्या काळात ऑल इंडिया रेडिओकडून चिमूरची हकीगत कळण्याची आशा कुणालाच नव्हती. ज्यांना खरी बातमी हवी होती, त्यांनी उषा मेहतांच्या भूमिगत काँग्रेस रेडिओला कान लावला होता. नोव्हेंबर १९४२ मध्ये पोलिसांनी तोही पकडला.

फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी बापूजींनी होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. ही गोष्ट त्यांच्या चरित्रात अभिमानाने सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण त्याआधीचे तीन महिने काय सांगतात? बापूजींच्या देशभक्तीविषयी शंका घ्यायला जागा नाही. तरीही ते ज्या सरकारात होते, त्या सरकारच्या हाती बातमीचे कुलूप होते आणि एका सज्जन सदस्याला ते उघडता आले नाही. खुर्चीवर कोण बसला आहे, यापेक्षा त्या खुर्चीला अधिकार कोणते दिले आहेत, याचा हिशेब आधी मांडायला हवा.

नागपूर केंद्र सुरू होते

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशाच्या वाट्याला सहा केंद्रे आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. विदर्भात एकही नव्हते. वर्षभरात नागपूरला केंद्र आले. नागपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी आणि पंडित रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री. प्रांत हिंदी-मराठी, म्हणून केंद्राचा कारभारही दोन भाषांचा. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. केंद्र जागेवरच राहिले.

इंग्रज गेले, पण १८८५ चा कायदा राहिला आणि रेडिओ सरकारी खात्याचा एक विभाग म्हणून चालू राहिला. दिल्लीत आणि नागपुरात एकच पक्ष राज्य करीत होता, म्हणून ते कुणाला खटकलेही नाही. सरकार आपले, रेडिओही आपला, असा तो भाबडा काळ. श्रोत्याला मात्र पोस्टात जाऊन रेडिओच्या परवान्याची फी भरावी लागे. दरवर्षी त्या लहानशा पुस्तकात शिक्का मारून घ्यायचा आणि तपासनीस आला की दाखवायचे. ब्रिटनमध्ये अशाच परवान्याच्या पैशावर बीबीसी चालते आणि तो पैसा तिच्या स्वायत्ततेचा एक आधार मानला जातो. आपल्याकडे फी सरकारी तिजोरीत गेली. श्रोता पैसे देणारा झाला, मालक झाला नाही. ऐंशीच्या दशकात हे परवानेही गेले.

या काळात श्रोत्याने एकदा आपली ताकद दाखवली, पण बातमीच्या बाबतीत नव्हे. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे डॉ. बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री होते. पुण्याचे, संगीताचे जाणकार. शास्त्रीय संगीताला त्यांनी आकाशवाणीवर मानाचे स्थान दिले, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण सिनेसंगीत त्यांना उथळ वाटे आणि त्याला त्यांनी जवळपास दार बंद केले. लोकांनी रेडिओची सुई फिरवून सिलोन लावले. रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' ऐकायला घरोघर गर्दी जमू लागली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला 'विविध भारती' सुरू करावी लागली. गाण्याच्या बाबतीत लोकांनी मंत्र्याला नमवले. बातमीच्या बाबतीत सुई फिरवायला देशात दुसरे केंद्र नव्हते. ती सोय असती तर कदाचित तेथेही नमते घ्यावे लागले असते.

चंदा समिती आणि नऊ कलमी संहिता

१९६४ मध्ये अशोक चंदा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९६६ मध्ये तिने सांगितले की आकाशवाणी आणि दूरदर्शन यांना सरकारी खात्यातून बाहेर काढा, त्यांची स्वतंत्र महामंडळे करा. अहवाल आला आणि कपाटात गेला. १९६७ च्या निवडणुकीने मात्र प्रश्न दारात आणून उभा केला. अनेक राज्यांत बिगरकाँग्रेस सरकारे आली आणि त्यांच्या मुख्यमंत्र्यांनी आकाशवाणीवरून केंद्र सरकारवर टीका केली तर काय, असा पेच पडला. त्यातून प्रसारणाची नऊ कलमी संहिता तयार झाली. मित्रदेशांवर टीका नको, धर्मावर हल्ला नको, अश्लीलता नको, हिंसेला चिथावणी नको, न्यायालयाचा अवमान नको, ही कलमे कुणालाही पटतील. पण कोणत्याही पक्षाचे नाव घेऊन हल्ला नको, केंद्रावर किंवा राज्यावर 'वैरभावाने' टीका नको, अशीही कलमे त्यात होती. वैरभाव कशाला म्हणायचे, हे ठरवणारे सरकारी अधिकारीच. मेख तिथे होती.

तरीही ही संहिता म्हणजे काही एक मर्यादा होती. आठ वर्षांनी आणीबाणीत तीही बासनात गेली.

आणीबाणी : नागपूरपासून पवनारपर्यंत

२६ जून १९७५ च्या सकाळी इंदिरा गांधींचा आवाज आकाशवाणीवरून आला आणि देशाला आणीबाणी कळली. दोन दिवसांत इंद्रकुमार गुजराल यांच्याकडून माहिती-नभोवाणी खाते काढून विद्याचरण शुक्ल यांच्याकडे दिले गेले. नागपूर केंद्र सुरू झाले तेव्हा ज्यांच्या हाती प्रांताचा कारभार होता, त्या रविशंकर शुक्लांचे हे चिरंजीव. शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात. बापूजी अणेही त्याच कॉलेजचे विद्यार्थी. त्या सप्टेंबरमध्ये केंद्र संचालकांच्या बैठकीत खुद्द पंतप्रधानांनी आकाशवाणी हे सरकारचे अंग आहे आणि तसेच राहील, असे बजावले. विश्वासार्हतेचा प्रश्न काढणाऱ्यांना त्यांचे हे उत्तर होते.

वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. फेब्रुवारी १९७६ मध्ये पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चारही वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' नावाची एकच संस्था उभी केली. प्रेस कौन्सिल बरखास्त झाले. सरकारच्या कार्यक्रमांना गायला नकार देणाऱ्या किशोर कुमारची गाणी आकाशवाणीवरून गायब झाली. पण बातमी दाबण्यापेक्षा बातमी निवडून घेण्याची कला अधिक घातक असते आणि तिचा नमुना आपल्या विदर्भात घडला.

विनोबा पवनारच्या आश्रमात होते आणि त्यांचे वर्षभराचे मौन चालू होते. त्या मौनात त्यांनी 'अनुशासन पर्व' हे महाभारतातल्या पर्वाचे नाव पुढे केले. सरकारी माध्यमांनी ते उचलले आणि आणीबाणीला ऋषीचा आशीर्वाद मिळाला म्हणून देशभर गाजवले. डिसेंबर १९७५ मध्ये मौन सुटल्यावर विनोबांनी सांगितले की अनुशासन असते ते आचार्यांचे, सत्ताधाऱ्यांचे असते ते शासन. पुढच्याच महिन्यात पवनारला आचार्यांचे संमेलन भरले आणि देश पुन्हा नेहमीच्या मार्गावर यावा, अशी सूचना त्यातून पुढे आली. पहिले दोन शब्द घराघरांत पोचले होते. पुढचा खुलासा आणि संमेलनाची सूचना यांना तेवढ्या आवाजात जागा मिळाली नाही. १९७६ च्या जूनमध्ये तर गोहत्याबंदीसाठी उपोषण करण्याचा विनोबांचा संकल्प छापणाऱ्या 'मैत्री' मासिकाचे अंक पोलिसांनी आश्रमात येऊन जप्त केले. ज्या संताचा अर्धा शब्द सरकारने डोक्यावर घेतला, त्याचाच पूर्ण शब्द त्याने गुन्हा ठरवला.

आणीबाणी उठल्यावर न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या आयोगाने हिशेब काढला. वृत्तकक्षात बातमी ओळींनी मोजतात; आयोगाने तेच माप घेतले. डिसेंबर १९७६ च्या आकाशवाणी बातमीपत्रांत काँग्रेसच्या प्रवक्त्यांना २,२०७ ओळी मिळाल्या होत्या, विरोधकांना ३४. या आकड्यामागची माणसे डोळ्यांसमोर आणावीत. बातमी लिहिणारा उपसंपादक, ती तपासणारा संपादक, ती वाचणारा निवेदक, हे काही दुष्ट लोक नव्हते. नोकरी सरकारची, बदली सरकारच्या हाती, बढती सरकारच्या हाती. अशा माणसाकडून रोज उठून शौर्याची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. दोष आहे तो माणसाला शौर्य केल्याशिवाय प्रामाणिक राहता येऊ नये, अशी रचना करणाऱ्यांचा.

त्या काळात गावोगाव लोक संध्याकाळी बीबीसीची हिंदी सेवा लावत. आपल्या देशात काय चालले आहे, हे कळायला लंडनचा आधार घ्यावा लागावा, यासारखी नामुष्की कोणती?

जनता राजवट आणि एक खोटी बातमी

१९७७ च्या निवडणुकीत पहिल्यांदा मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणीवरून बोलण्याची वेळ मिळाली. जनता सरकारने आणीबाणीतल्या माध्यमांच्या गैरवापरावर श्वेतपत्रिका काढली आणि बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९७८ मध्ये तिने 'आकाश भारती' नावाचा स्वतंत्र राष्ट्रीय प्रसारण न्यास सुचवला. मे १९७९ मध्ये लालकृष्ण अडवाणींनी 'प्रसार भारती' विधेयक मांडले. ते समितीच्या सूचनेहून बरेच सौम्य होते. सरकार पडले आणि विधेयकही गेले.

पण जनता राजवटीतली लक्षात ठेवावी अशी घटना वेगळीच आहे. २२ मार्च १९७९ रोजी जयप्रकाश नारायण गेल्याची बातमी सरकारला मिळाली, संसदेत श्रद्धांजली वाहिली गेली आणि आकाशवाणीने ती देशाला ऐकवली. जेपी मुंबईच्या जसलोक रुग्णालयात जिवंत होते. त्यांचे निधन झाले ते ८ ऑक्टोबरला. जसलोकला फोन लावला असता तर खरे काय ते कळले असते. पण सरकार बोलले म्हणजे पडताळा झाला, ही सवय हाडीमाशी मुरली होती. ज्यांना जेपींविषयी सर्वाधिक आदर होता, त्यांच्याच राज्यात हे घडले. वाईट हेतू नसतानाही सरकारी बातमी खोटी ठरू शकते, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा नाही.

१९८० मध्ये काँग्रेस परतली, वसंत साठे माहिती-नभोवाणी मंत्री झाले. वर्ध्याचे खासदार, नागपूरच्या राजकारणात वाढलेले. १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले, त्यामागे त्यांचा हट्ट मोठा होता. यंत्रे वाढली, मनोरे वाढले. स्वायत्ततेचे घोंगडे भिजतच राहिले. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी बीबीसीने कितीतरी आधी दिली. आकाशवाणीने ती संध्याकाळी सांगितली. केसकर, साठे, विठ्ठलराव गाडगीळ, प्रमोद महाजन, प्रकाश जावडेकर असे अनेक मराठी नेते वेगवेगळ्या पक्षांकडून या खात्याचे मंत्री झाले. माणसे आपली होती, म्हणून बातमी आपली झाली असे घडले नाही.

प्रसार भारती : नाव स्वायत्त, नाडी दिल्लीत

१९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह सरकारच्या काळात प्रसार भारती कायदा संमत झाला. तो अमलात यायला १५ सप्टेंबर १९९७ उजाडले. मधली पाच वर्षे पंतप्रधान होते नरसिंह राव, विदर्भातल्या रामटेकमधून दोनदा निवडून गेलेले आणि मराठी उत्तम जाणणारे. संमत झालेला कायदा लागू करण्याची अधिसूचना तेवढी निघायची होती. ती निघाली नाही.

दरम्यान, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात सांगितले की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, तेच पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले. १८८५ च्या कायद्याने जे सरकारजमा झाले होते, ते निदान तत्त्वतः एकशे दहा वर्षांनी लोकांच्या नावावर चढले.

तत्त्वाचे व्यवहारात काय झाले? प्रसार भारतीचे पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी एस. एस. गिल यांना वर्षभराच्या आत वयोमर्यादेचा वटहुकूम काढून घरी बसवले. कायद्यात बावीस खासदारांची संसदीय समिती आणि श्रोत्यांच्या तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद सांगितली आहे. दोन्ही कागदावर राहिल्या. पगार आणि बहुतेक खर्च केंद्राच्या अनुदानावर चालतो. कोणते प्रसारण करावे किंवा करू नये, असे ठरावीक कारणांसाठी कळवण्याचा अधिकार सरकारने कायद्यातच राखून ठेवला आहे. खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. द्यायच्याच तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावाव्या लागतात. म्हणजे टीव्हीवर शेकडो वृत्तवाहिन्या असलेल्या देशात रेडिओवरची बातमी आजही एकाच संस्थेकडे आहे.

३ ऑक्टोबर २०१४ च्या दसऱ्याला नागपूर पुन्हा या वादाच्या केंद्रस्थानी आले. सरसंघचालकांचे विजयादशमीचे भाषण दूरदर्शनने थेट दाखवले. विरोधकांनी हरकत घेतली. ही बातमी म्हणून दाखवली, असे दूरदर्शनचे म्हणणे होते. त्याच दिवशी आकाशवाणीवरून पंतप्रधानांची 'मन की बात' सुरू झाली. पंतप्रधानांनी लोकांशी बोलावे, यात गैर नाही. संघाचे भाषण बातमी ठरू शकते, हेही मान्य. प्रश्न एवढाच की उद्या विरोधी नेत्याच्या नागपुरातल्या सभेला हाच कॅमेरा, हाच वेळ मिळेल का. आणि तो निर्णय कोण घेईल? १९७६ ला जे माप लावले, तेच आजही लावायला हवे. सरकार कुणाचेही असो, ओळी मोजल्या पाहिजेत.

वणीहून पाहताना

आकाशवाणीचा जिल्ह्यातला वार्ताहर बहुधा अंशकालीन असतो. वणी, मारेगाव, झरी-जामणीची बातमी त्याच्याकडे जायची, तिथून नागपूरला, तिथे दहा मिनिटांच्या बातमीपत्रात अख्ख्या विदर्भाशी स्पर्धा करायची. मंत्र्यांचा दौरा ठरलेला असतो, त्याचे पत्रक तयार असते, म्हणून त्याला जागा लगेच मिळते. कोळशाच्या ट्रकांनी उडवलेली धूळ, खाणीत गेलेल्या शेताचा रखडलेला मोबदला, यांचे पत्रक कुणी काढत नाही. राजकीय दबावासाठी दरवेळी फोन यावाच लागतो असे नाही. आळस आणि पत्रक यांच्या युतीनेही तेच काम होते.

२००६ च्या जुलैच्या आरंभी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. जाहीर झाल्याची बातमी सर्वांनी ऐकली. ते पॅकेज पोचले कुठे, हे शोधत गावोगाव फिरले ते पी. साईनाथ यांच्यासारखे पत्रकार आणि जिल्ह्यातले मराठी वार्ताहर. २०१७ मध्ये फवारणीतून विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तीही आधी स्थानिक पत्रकारांनी उघडी केली, मग मुंबई-दिल्ली जागी झाली. ज्या आकाशवाणीने वर्षानुवर्षे कोणत्या किडीवर कोणते औषध मारावे हे शेतकऱ्याला सांगितले, तिने त्या औषधाने माणसे मरू लागली तेव्हा सर्वांत आधी ओरडायला हवे होते.

खासगी पत्रे धुतल्या तांदळासारखी आहेत, असे कुणी म्हणणार नाही. मालकांचे राजकारण, जाहिरातींचा धाक, निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्या, हे सगळे आपण पाहिले आहे. यवतमाळच्या 'लोकमत'ची सूत्रे ज्या जवाहरलाल दर्डांकडे आली, ते राज्यात काँग्रेसचे मंत्रीही होते; मालकी आणि राजकारण यांची सरमिसळ आपल्या जिल्ह्याला नवी नाही. पण खासगी पत्र आवडले नाही तर वाचक दुसरे घेतो. आकाशवाणी सर्वांच्या कराच्या पैशावर चालते, म्हणून तिच्याकडून मागण्याचा हक्कही सर्वांचा आहे.

तो हक्क वापरला तर फळ मिळते. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा आदेश निघाला. श्रोते, पत्रकार आणि सर्वपक्षीय लोकप्रतिनिधी ओरडले आणि आदेशाला स्थगिती मिळाली. केसकरांच्या काळात श्रोत्यांनी गाणी परत मिळवली होती. पुण्याने बातमी राखली.

पंचाहत्तर वर्षांच्या या वाटचालीत नागपूर केंद्राने शेतकऱ्याला, कलावंताला, विद्यार्थ्याला पुष्कळ दिले. ते ऋण मान्य करूनच तीन मागण्या कराव्याशा वाटतात. कायद्यातली संसदीय समिती आणि प्रसारण परिषद प्रत्यक्षात नेमावी. संस्थेचा निधी दरवर्षी मंत्रालयाच्या मर्जीवर न ठेवता संसदेने काही वर्षांसाठी ठरवून द्यावा. आणि प्रत्येक केंद्राने कोणत्या पक्षाला किती वेळ दिला, हे दरमहा जाहीर करावे. यांतली तिसरी मागणी तर कायदा न बदलता, एका आदेशाने पूर्ण होऊ शकते. आपल्या खासदारांना या तीन गोष्टी विचारा. निवडणुकीच्या सभेत विचारा, पत्र लिहून विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत पुन्हा विचारा.